कारणाचा रकाना

दर मंगळवारी संध्याकाळी सातला
चेंबूरच्या उडुपी हॉटेलच्या माळ्यावर आमचा क्लब भरतो.
बाविसातले चौदा तरी येतात,
वड्यांचा घाणा पडला असेल तर सतरा.
अध्यक्ष पितळी घंटा वाजवतात
आणि खालून एखादा वेटर ओरडतो, "आलो!"

मी खजिनदार. एकतीस वर्षं बँकेत गेली,
दुसऱ्यांचे पैसे मोजायची बोटांना सवय आहे.
माझ्यापुढे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर.
आठवड्यात ज्याचं काही बरं झालं
त्याने उभं राहायचं, सांगायचं, दहा रुपये टाकायचे.
मी पावती फाडतो.
पावतीवर एक रकाना आहे : कारण.

फ्रेनी दुबाश : मांजरीला चार पिल्लं. (चाळीस दिले.)
हसमुख संगोई : नोटीस आली होती, ती शेजारच्या दुकानाची निघाली.
डॉक्टर सबनीस : सात दिवसांत कुणी फुकट सल्ला विचारला नाही.
तेवढ्यात मी माझ्या गुडघ्याचं काढलं.
वीस रुपये दंड, मलाच.

रद्दी विकली, पणत्या विकल्या,
एक नाटक बसवलं, त्यात मी प्रेत होतो
आणि दुसऱ्या अंकात शिंकलो.
तिकिटाचे पैसे कुणी परत मागितले नाहीत,
ते सगळे पोलिओला गेले.
असं मी एकदा पावतीवर लिहिलंही, "पोलिओसाठी",
तर कारखानीस म्हणाले,
"त्याला कशाला देताय? त्याने आधीच पुष्कळ नेलंय."
तेव्हापासून मी "पोलिओविरुद्ध" लिहितो.

कारखानीस बावीस पायऱ्या चढून येतात.
डावा तळहात मांडीवर, गुडघा मागे दाबत,
कॅलिपरची कडी प्रत्येक पायरीला बोलते.
लिफ्टवाला हॉल शोधावा असा ठराव दरवर्षी येतो,
विरोधात एक मत पडतं. त्यांचं.
दर मंगळवारी दहा रुपये टाकतात, सांगत काही नाहीत.
"कारण?"
"राहू दे."
अकरा वर्षं तो रकाना कोरा.

गेल्या रविवारी चिता कॅम्पच्या गल्लीत
आम्ही डोसाचा डबा घेऊन फिरत होतो,
आत बर्फ, बर्फात इवल्या कुप्या.
एका दारावर खडूची फुली होती,
म्हणजे या घरातलं एक मूल राहून गेलंय.
ते मूल दारातच उभं होतं, तीनेक वर्षांचं, चड्डी हातात धरलेलं.
आमच्याकडे बघितलं
आणि सुटलं.
गटारावरच्या फळीवरून, कोंबड्यांमधून,
पाण्याच्या पिंपांमागून.
आई हाका मारतेय, "तौफीक! अरे तौफीक!"
फ्रेनीबाई साडी खोचून मागे,
संगोई चार पावलांत दमले,
सबनीस त्यांची नाडी बघत उभे.

कारखानीस उंबऱ्यावर बसले होते,
डबा मांडीवर, पाय सरळ पुढे.
हसत नव्हते. नुसते बघत होते,
ती टाच कशी पडते, कशी उचलते,
वळणावर घसरून पुन्हा कशी सावरते.
त्यांचे ओठ हलत होते. मोजत असावेत.

कुणालाच सापडला नाही. मग आपणच आला.
कॅलिपरपुढे उकिडवा बसला,
लोखंडावर टकटक केली,
आत कुणी आहे का, अशी.
कारखानीस म्हणाले, "आ कर."
त्याने आ केला.
दोन थेंब. तोंड वाकडं. करंगळीवर शाई.
फुली पुसून झाली नाही तोच
पुन्हा पसार.

काल मंगळवार. डब्यात शंभराची नोट पडली.
सवयीने विचारलं, "कारण?"
आणि सवयीनेच पेन बाजूला ठेवत होतो.
"लिहा," ते म्हणाले. "पळाला."

मार्चअखेर ऑडिटर येईल,
चष्मा कपाळावर सारील, त्या पावतीशी अडेल.
पळाला? कोण पळाला?
पैसे घेऊन?
नाही हो, म्हणेन मी.
पाय घेऊन.